मूल एक, वही एक: विशेष गरजा असलेल्या मुलाचे पालक आणि शिक्षक यांच्यासाठी सोलापुरातला पहिल्या वर्षाचा वाटाड्या

जूनमध्ये शाळा भरली की तीन-चार आठवड्यांत वर्गशिक्षकांच्या ध्यानात येतं की या मुलाचं काहीतरी वेगळं चाललंय. घरच्यांना ते बहुधा आधीच जाणवलेलं असतं. पण शाळेतून नाव कमी करतील या धास्तीने आई बोलत नाही आणि आई दुखावेल म्हणून बाई बोलत नाहीत. दिवाळीची सुट्टी येते, पहिलं सत्र संपतं, मूल होतं तिथेच असतं.

फिरती विशेष शिक्षिका म्हणून मी सोलापूर शहरातल्या आणि उत्तर-दक्षिण तालुक्यांतल्या शाळांत जाते. घरात किंवा वर्गात असं मूल ज्यांच्याकडे पहिल्यांदाच आलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. पालकाला मुलाचा अर्धा दिवस दिसतो, शिक्षकाला उरलेला अर्धा. हे दोन्ही अर्धे एका वहीत आले की पुढची कामं, म्हणजे डॉक्टर, प्रमाणपत्र, परीक्षेतल्या सवलती, बरीच सोपी होतात. नाही आले तर प्रत्येक दारात पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं.

१. सगळ्यात आधी वही

साधी शंभर पानी वही घ्या. ती कायम दप्तरात राहील. डावं पान घराचं, उजवं शाळेचं. रोज दोन-तीन ओळी पुरतात. आईला लिहायला जमत नसेल तर मोठ्या भावंडाने लिहावं, नाहीतर बाईंना व्हॉट्सॲपवर आवाजात निरोप पाठवावा आणि बाईंनी तो सवडीने वहीत उतरवून घ्यावा. मात्र हा निरोप वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा नाही. चाळीस घरांत त्या मुलाची चर्चा झाली की आई पुन्हा तोंड उघडत नाही.

वहीत काय लिहायचं, यात सगळी गोम आहे. डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं, स्वतःचा निवाडा नाही. ‘लक्ष देत नाही’ हा निवाडा झाला. ‘गणिताच्या तासाला पाच मिनिटांनी उठला, खिडकीपाशी गेला, मागून नाव घेतलं तर वळला नाही, खांद्याला हात लावल्यावर आला’ हे निरीक्षण झालं. पहिल्या वाक्यावरून कुणालाच काही करता येत नाही. दुसरं वाचलं की कान तपासायला हवेत हे डॉक्टरांच्या लगेच लक्षात येतं. तसंच घरचं. ‘लई हट्टी हाय’ असं न लिहिता ‘शर्ट बदलायला घेतला की रडतो, जुना मऊ शर्ट दिला की गप्प होतो’ असं लिहिलं तर बाईंना कळतं की गणवेशाच्या नव्या कोऱ्या कापडाचा त्याला त्रास होतोय.

घराच्या पानावर रात्रीची झोप, सकाळी काय खाल्लं, औषध दिलं का, फिट आली होती का, हे यायला हवं. फिटच्या काही औषधांनी मुलाला गुंगी येते. हे बाईंना ठाऊक नसेल तर पहिल्या तासाला पेंगणारं मूल त्यांना आळशी वाटतं.

एक नियम मात्र दोघांनी पाळायचा. रोज निदान एक ओळ मुलाला काय जमलं याची असावी. वही म्हणजे तक्रारवही झाली की आठवड्याभरात ती दप्तराच्या तळाशी जाते.

२. पहिली भेट: वेळ, जागा, बोलणं

पालक सभेत हा विषय काढू नका. इतर पालकांसमोर, हजेरीच्या टेबलाशी उभ्या-उभ्या झालेलं बोलणं दोन्हीकडून बिघडतं. शाळा सुटल्यावर अर्धा तास ठरवून बसा. पूर्व भागात, अशोक चौक, कन्ना चौक, विडी घरकुलच्या बाजूला, आईची विड्या द्यायला जायची वेळ आणि बापाची यंत्रमागावरची पाळी विचारूनच भेटीची वेळ ठरवावी लागते. दुपारी बारा वाजता बोलावलं आणि पालक आले नाहीत, म्हणजे त्यांना मुलाची पर्वा नाही असा अर्थ काढणारे शिक्षक मी पाहिलेत. त्या माणसांची दिवसाची मजुरी बुडते, एवढंच कारण असतं.

शिक्षकांनी आधी विचारायचं, मग सांगायचं. ‘घरी त्याला काय आवडतं? कुणाचं ऐकतो? कशाने चिडतो?’ इथून सुरुवात केली की आई मोकळी होते. ‘काय की ओ बाई, घरी तर लई बोलतंय, साळंतच का गप बसतंय कळंना’ असं एखादं वाक्य तिच्या तोंडून येतं आणि ते फार कामाचं असतं. निदान करणं हे शिक्षकाचं काम नव्हे. ‘तुमचा मुलगा गतिमंद आहे’, ‘हा ऑटिझम दिसतोय’ अशी वाक्यं वर्गशिक्षकाने कधीही बोलू नयेत. ‘मला या चार गोष्टी दिसल्या, एकदा दाखवून घेऊ’ एवढंच म्हणावं.

पालकांनी लपवू नये. बाळंतपणात बाळ उशिरा रडलं होतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं, लहानपणी ताप डोक्यात गेला होता, चालायला-बोलायला उशीर झाला, फिट येतात, हे सगळं सांगा. नाव कमी होण्याची भीती मनातून काढा. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने भेदभाव न करता प्रवेश देणं, गरजेप्रमाणे सोयी करणं शाळेवर बंधनकारक केलं आहे. मारणं, मानसिक छळ करणं यांनाही शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. भेटीत हे कायदे तोंडावर फेकू नका. ते आपल्या पाठीशी आहेत एवढं माहीत असलं तरी बोलताना आवाजात घाबरलेपण येत नाही.

३. भाषेचा पेच आधी सोडवा

ही पायरी इतर जिल्ह्यांतल्या मार्गदर्शकांत फारशी सापडायची नाही, पण सोलापुरात ती टाळून चालत नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत कानडी, कुठे उर्दू किंवा दखनी, आणि मूल घातलेलं मराठी शाळेत. पहिलीत ते महिनोन्‌महिने गप्प बसतं, सूचना कळत नाहीत, शेजारच्याचं पाहून वही उघडतं. वरवर पाहिलं तर हे बौद्धिक दिव्यांगतेसारखंही दिसतं आणि श्रवणदोषासारखंही. आणि याच्या उलटही होतं. खरोखर अडचण असलेल्या मुलाला ‘घरी तेलुगू बोलतात ना, शिकेल हळूहळू’ म्हणून तीन-तीन वर्षं सोडून दिलं जातं.

उलगडा घरूनच होतो. आईला विचारा: त्याच्या घरच्या भाषेत तो गोष्ट सांगतो का? ‘आत जा, चप्पल काढ आणि आजीला पाणी दे’ अशी दोन-तीन कामं एका दमात सांगितली तर करतो का? चुलत भावंडांत खेळताना नियम कळतात का? थट्टा कळते का? घरच्या भाषेत हे सगळं वयाप्रमाणे असेल तर मुलात दोष नाही, त्याला मराठीसाठी वेळ आणि चित्रं हवीत. घरच्या भाषेतही मागे असेल तर तपासणी लांबवू नका.

यातून एक वाईट सल्ला हमखास दिला जातो: ‘आता घरात मराठीच बोला.’ तो मानू नका. दोन भाषा ऐकल्याने मूल मंद होत नाही. मोडक्यातोडक्या मराठीत बोलणाऱ्या आईपेक्षा भरभरून तेलुगू बोलणारी आई मुलाला जास्त देते. बाईंनी हवं तर रोजच्या वापरातले दहा-पंधरा शब्द त्या भाषेतले शिकून घ्यावेत. लघवी, पाणी, दुखतंय, भूक, आई कधी येणार, एवढ्यांनीच अर्धं रडणं थांबतं. बुद्धिमापन चाचणीला नेताना मुलाला कोणती भाषा कळते ते चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना आधी सांगा, नाहीतर चाचणी बुद्धीची न होता मराठीची होते.

४. तपासणी आणि कागद

वही तीन-चार आठवडे भरली की ती घेऊन निघा. शाळेच्या बाजूने दोन वाटा असतात. एक, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक. २०१३ पासूनच्या या कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळांत एकदा तपासणी होते. पथक यायच्या दिवशी ते मूल हजर राहील हे पाहणं पालकाचं काम, आणि पन्नास मुलांच्या रांगेत त्याला नुसतं पुढे न सरकवता वही डॉक्टरांच्या हातात देणं शिक्षकाचं. दुसरी वाट गट साधन केंद्राची, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या केंद्राची. समग्र शिक्षा या सरकारी योजनेखाली समावेशित शिक्षणाचं, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत सगळ्यांबरोबर शिकवण्याचं, काम पाहणारे विषयतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक तिथून शाळांकडे येतात. मुख्याध्यापकांनी केंद्रप्रमुखांमार्फत लेखी कळवलं तर हालचाल लवकर होते. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ नावाचं ॲपही आहे. त्यात पहिली प्रश्नावली वर्गशिक्षक भरतो, दुसरी विशेष शिक्षक किंवा मुख्याध्यापक. ॲपमधून जे निघतं ते निदान नसतं, पुढे पाठवायला हवं की नको एवढंच ते सांगतं.

वैद्यकीय तपासणी आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सोलापूरकर जातात ते सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. जाण्याआधी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरावा लागतो. २०२१ पासून ही प्रक्रिया ऑनलाइनच चालते. मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि चालू असलेला मोबाइल नंबर लागतो. सायबर कॅफेवाल्याने स्वतःचा नंबर टाकला की पुढचे सगळे निरोप त्यालाच जातात, तेव्हा नंबर आपलाच आहे ना ते बघून घ्या. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एकच हवं. ‘सिद्धाराम’ आणि ‘सिद्राम’ यांत एकाच मुलाचे हेलपाटे होतात.

सिव्हिलला सकाळी लवकर जा. बार्शी, करमाळ्याकडून येणार असाल तर मुलाचा डबा, पाण्याची बाटली, एक जोडी कपडे आणि त्याचं एखादं लाडकं खेळणं बरोबर ठेवा. रांगेत चिडलेल्या, भुकेल्या मुलाची चाचणी धड होत नाही. जुने सगळे कागद एका फायलीत तारखेप्रमाणे लावा आणि त्यावर वहीतल्या नोंदींचं एक पान शिक्षकांच्या सहीने लावा. डॉक्टरांपुढे तुम्हाला पाच-दहा मिनिटं मिळतात. त्यात हे एक पान तोंडी सांगण्यापेक्षा जास्त काम करतं.

कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगता मानली आहे. बहुतेक योजना आणि हक्क ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगता असली की लागू होतात. ६ ते १८ वयाच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत किंवा पालकांना हव्या त्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. वाचन-लेखन-गणितातली विशिष्ट अध्ययन अक्षमता मात्र साधारण आठव्या वर्षानंतर, तिसरीच्या सुमारास तपासतात. पहिलीतल्या मुलाने ब आणि व उलटसुलट लिहिले म्हणून घाबरून धावू नका. लहान मुलांना बऱ्याचदा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. मुदत संपायची तारीख वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवा.

आणि प्रमाणपत्राची वाट बघत वर्गातली मदत थांबवू नका. मूल पुढच्या बाकावर बसवायला कुठल्याही शिक्क्याची गरज नसते.

५. एक सत्र, एक उद्दिष्ट

विशेष शिक्षक येऊन मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करतात. कागदावर तो छान दिसतो: भाषा, गणित, स्वावलंबन, सामाजिक कौशल्यं, सगळे रकाने भरलेले. माझा अनुभव असा की एवढं सगळं घर आणि शाळा मिळून पेलत नाहीत. नवखे असाल तर पहिल्या सत्राला एकच गोष्ट धरा, आणि ती अशी धरा की घरी आणि शाळेत दोन्हीकडे रोज घडते.

उदाहरण देते. दुसरीतला मुलगा, बौद्धिक दिव्यांगता. दुपारच्या खिचडीला तो रांगेत थांबत नाही, ताट तिथेच टाकून उठतो. घरी आई भरवते, म्हणून घरी ‘प्रश्नच नाही’. आधी कामाचे तुकडे पाडायचे: ताट घेणं, रांगेत उभं राहणं, वाढून घेणं, जागेवर येऊन बसणं, हाताने खाणं, ताट धुणं, ताट जागेवर ठेवणं. आता शिकवायची सुरुवात शेवटच्या तुकड्यापासून. बाकी सगळं त्याचा हात धरून करून घ्यायचं, फक्त ताट जागेवर ठेवणं त्याने एकट्याने करायचं आणि ठेवलं की लगेच शाबासकी. यात मुलाला रोज काम ‘पूर्ण केल्याचा’ आनंद मिळतो. पहिल्यापासून शिकवत गेलो तर रोज अर्ध्यावर सुटल्याचा अनुभव येतो. ते जमलं की मग ताट धुणं आणि ठेवणं. असं मागून पुढे यायचं.

हे फक्त शाळेत केलं तर शनिवार-रविवारी सगळं पुसून जातं. म्हणून घरीही ताट त्यानेच ठेवायचं, शब्दही तेच वापरायचे. शाळेत बाई ‘ताट ठेव’ म्हणतात आणि घरी आजी ‘जा, ते उष्टं नेऊन टाक जा तिकडं’ म्हणते, तर त्याच्यासाठी ही दोन वेगळी कामं झाली. आजीला या कटात घ्यावंच लागतं. सोलापुरी घरात आजीच्या परवानगीशिवाय कुठलाही आराखडा चालत नाही, आणि नातवाला भरवायचं सुख तिच्याकडून काढून घेताना जरा हळुवारपणे घ्यावं लागतं. मी आजीला हिशोब ठेवायचं काम देते: रोज ताट ठेवलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिकली लावायची. मग तीच सगळ्यांत कडक शिस्तीची होते.

दर पंधरा दिवसांनी वही उघडून दोघांनी मिळून बघा. तीन आठवडे काहीच हललं नाही तर मूल चुकत नसतं, तुकडा मोठा पडलेला असतो. तो आणखी बारीक करा.

६. वर्गात रोज काय करायचं

ऐकू कमी येणारं मूल. श्रवणयंत्र लावलं म्हणजे ऐकू यायला लागलं, असा समज सगळीकडे आहे. यंत्र बंद असतं, बॅटरी उतरलेली असते, मूल वाढतं आणि कानातला साचा सैल पडून शिट्टी वाजते, आणि कुणालाच पत्ता नसतो. रोज सकाळी एक मिनिटाची तपासणी करा. मुलाच्या मागे उभं राहून किंवा तोंडापुढे वही धरून हळू आवाजात सहा ध्वनी म्हणा: आ, ई, ऊ, म्, श्, स्. ऐकू आलेला ध्वनी त्याने परत म्हणायचा किंवा हात वर करायचा. या सहांत बोलण्यातले खोल ते तीक्ष्ण सगळ्या पट्ट्यांतले आवाज येतात. काल येणारा ‘स्’ आज येत नसेल तर वहीत लिहा, आई बॅटरी बदलेल किंवा कान दाखवेल. घरीही हेच करायचं, पण यंत्रमाग बंद असताना. शेजारच्या कारखान्याच्या खडखडाटात यंत्र आवाज मोठा करून देतं तो बोलण्याचा आणि मागाचा दोन्ही. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, मूल ओठ बघत असतं.

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलाला पुढे काय होणार हे ठाऊक नसणं सगळ्यांत जास्त सतावतं. दिवसाची चित्रपट्टी करा: प्रार्थना, वाचन, खिचडी, खेळ, घर. मोबाइलवर काढलेले त्याच्याच शाळेचे फोटो सगळ्यांत उत्तम. झालेलं चित्र उलटं करायचं. तशीच पट्टी घरीही. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा असते, गड्डा म्हणजे यात्रेचा बाजार भरतो, शाळेचं वेळापत्रक हलतं, घरी पाहुणे येतात, शहरभर भोंगे वाजतात. त्या आठवड्यात ही मुलं बिथरतात आणि मारामारीच्या तक्रारी येतात. आधीच पट्टीत यात्रेचं चित्र लावा. गड्ड्यावर न्यायचंच असेल तर दुपारी, गर्दी व्हायच्या आत जाऊन या. कानावर हात ठेवणाऱ्या मुलाला पाळण्यात बसवून ‘भीती घालवणारे’ काका प्रत्येक घरात असतात, त्यांना थांबवा.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हातापायांच्या हालचालींवर नीट ताबा नसणं. अशा मुलाची बैठक आधी बघा. पाय लोंबकळत असतील तर हात स्थिर राहत नाही. पायाखाली विटांवर फळी ठेवली, पेन्सिलीला सुतळी किंवा जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, की लिहिणं सुधारतं. बैठक फिजिओथेरपिस्टकडून एकदा बघून घ्या आणि तिचा फोटो वहीत चिकटवा, म्हणजे घर आणि शाळा दोन्हीकडे तीच राहते.

कमी दिसणाऱ्या मुलाला फळा जवळ हवा आणि खिडकीचा झोत डोळ्यांवर नको. काळी जाड शाई, ठळक रेघांची वही.

फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर थेट दवाखाना, १०८ ला फोन. हे वर्गातल्या मुलांनाही शिकवून ठेवा. ती घाबरत नाहीत, मोठी माणसंच जास्त घाबरतात.

आणि ऊन. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. काही मुलांना तहान सांगता येत नाही, काही औषधांवर असतात. सकाळच्या शाळेतही दर तासाला पाणी द्यायचं काम एका मित्राकडे सोपवा.

७. पैसे आणि सवलती

समग्र शिक्षेत पात्र मुलांसाठी मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, साहित्य अशा तरतुदी आहेत. दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपये असा १० महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता आहे. मुलाच्या नावाचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, तेव्हा ते जूनमध्येच तपासा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण मिळतं, थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. अशा मुलाला अठरावं लागलं की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. आज मूल लहान आहे, पण हे माहीत असू द्या.

दहावीचं काम नववीत सुरू करा. सोलापूर जिल्हा राज्य मंडळाच्या पुणे विभागात येतो आणि सवलतींचे प्रस्ताव शाळेमार्फत तिकडे जातात. पात्र विद्यार्थ्याला तासाला २० मिनिटं जादा वेळ, खालच्या इयत्तेतला लेखनिक, दिव्यांगतेच्या प्रकाराप्रमाणे विषयांत काही मोकळीक मिळते. पण उत्तर तोंडी सांगून लिहून घेणं हे वेगळं कसब आहे. पूर्णविराम सांगावा लागतो, आकृतीला नावं कुठे द्यायची ते सांगावं लागतं. ज्याने कधी लेखनिक घेतला नाही त्याला परीक्षेत तो ओझं वाटतो. आठवी-नववीच्या चाचण्यांपासूनच सराव द्या, आणि जादा वेळही त्याच चाचण्यांपासून द्या.

८. अडलं तर

शाळेने हात वर केले तर आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, पोच घेऊन. मग ग्रामीण भागात केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी, शहरातल्या पालिकेच्या शाळेसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग. त्यापुढे पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. अर्जात राग नको, तारखा हव्यात, आणि त्या वहीतच मिळतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. दिव्यांग मुलाचा पालक त्या समितीत असला तर पायऱ्यांच्या जागी उतार (रॅम्प), संडासाला धरायचा बार, खालच्या उंचीचा नळ असे विषय आपोआप पुढे येतात. एका शाळेत असा बार एका वेल्डर पालकाने एका दुपारी बसवून दिला.

उलट अडचणही असते. पालक मानायला तयार नसतात, देवदेव, अंगारे-धुपारे चालू असतात. शिक्षकांनी त्यावर वाद घालू नये. ‘नवस करा, पण कानही तपासू या’ असं म्हटलं की बहुतेक तयार होतात. मुलाच्या बापाशी बोलायचं असेल तर त्याच गल्लीतल्या, यातून गेलेल्या दुसऱ्या पालकाला बरोबर न्या. पगारी माणसापेक्षा त्याचं ऐकलं जातं.

ज्यांना शाळेत येणं शक्यच नाही अशा तीव्र किंवा बहुविध दिव्यांग मुलांना २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिकण्याचाही हक्क दिला आहे. मात्र येऊ शकणाऱ्या मुलाला ‘घरीच बरा’ म्हणून त्यात ढकललं जात असेल तर नाही म्हणा.

९. एप्रिलमध्ये सोपवणं

वर्षभराची मेहनत वाया जाते ती इयत्ता बदलताना. नवे शिक्षक, कोरी पाटी. म्हणून निकालाच्या आधी एक पान लिहा, दोघांनी मिळून: काय आवडतं, कशाने बिथरतं, कसं सांगितलं की कळतं, औषधं कोणती, या वर्षी काय जमलं, पुढचं उद्दिष्ट कोणतं. एक प्रत नव्या वर्गशिक्षकांना, एक घरी, एक विशेष शिक्षकांच्या फायलीत. चौथीनंतर शाळाच बदलणार असेल तर नव्या शाळेत पान पाठवून न थांबता जुन्या बाईंनी फोन करावा. आणि शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात, वर्ग रिकामा असताना, मुलाला एकदा नेऊन त्याचा बाक, नळ आणि संडास कुठे आहे ते दाखवून आणा. त्यासाठी शिपायाला आधी सांगून ठेवा, किल्ली त्याच्याकडे असते.